इम्युलेटर संथ चालतो म्हणून लॅपटॉप बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँड्रॉइड अ‍ॅप तयार करायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा इम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन, अडखळू लागला की ‘ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. पालकांना पडणारा हा भुर्दंड पुष्कळदा टाळता येतो. त्यासाठी आधी पडद्यावरचे चित्र नेमके कोण काढत आहे, हे शोधले पाहिजे.

ग्राफिक्स चिप वापरता आली नाही, तर इम्युलेटर ते काम ‘स्विफ्टशेडर’ या सॉफ्टवेअरमार्फत मुख्य प्रोसेसरवर सोपवतो. तो बंद पडत नाही, तक्रारही करत नाही, नुसता रेंगाळतो. म्हणूनच दोष यंत्राच्या माथी मारला जातो. आभासी फोनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सचा पर्याय ‘सॉफ्टवेअर’ असेल, तर तो ‘हार्डवेअर’ करून काय फरक पडतो ते पाहावे. मग आभासी फोनचे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचे प्रमाण, निम्मे करावे. वेग लक्षणीय वाढला तर अडचण चित्र काढण्यात आहे; काहीच बदलले नाही तर ती बहुधा दुसरीकडे आहे.

पुढचा तपास प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळा होतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे नाव दिसले, तर चिपचा स्वतःचा ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) चालूच नाही असे समजावे. लिनक्सवर ‘जीएलएक्सइन्फो’ या आज्ञेच्या उत्तरात ‘एलएलव्हीएमपाइप’ आले, तर तिथेही प्रोसेसरच चित्रे काढत असतो. मॅकची गोष्ट निराळी: अ‍ॅपलने २०१८ मध्ये ओपनजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्रे काढून घेण्याची जुनी प्रणाली) कालबाह्य ठरवले आणि ते ४.१ या आवृत्तीवरच थांबले, त्यामुळे जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांचे जे इम्युलेटर अ‍ॅपलच्या ‘मेटल’ या नव्या प्रणालीशी जुळवून घेत नाहीत, ते उत्तम मॅकवरही मागे पडू शकतात.

सगळा संथपणा ग्राफिक्सचाच असतो असेही नाही. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी यंत्र वेगाने चालवण्याची प्रोसेसरमधली सोय, बंद असेल तर इम्युलेटर एक तर सुरूच होत नाही, किंवा गोगलगाईच्या गतीने चालतो. लिनक्सवर ही सोय पुरवणारे केव्हीएम वापरण्याची परवानगी त्या वापरकर्त्याला दिलेली नसते, हे कारण तर सहज नजरेआड होते. विंडोजवर अनेक जुने व्हिडिओ अजूनही त्यासाठी इंटेलचे ‘हॅक्सम’ हे सॉफ्टवेअर बसवायला सांगतात. इंटेलने त्याचे काम २०२३ मध्येच थांबवले असून आता विंडोजमधलीच ‘विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म’ ही सुविधा चालू करणे पुरते.

एवढे करूनही काही यंत्रे खरोखरच कमी पडतात, पण तेव्हाही लगेच नवा लॅपटॉप घ्यावा लागेलच असे नाही. प्रोसेसरमधली अंगभूत ग्राफिक्स चिप मुख्य मेमरीच वापरते, त्यामुळे रॅमची एकच पट्टी असलेल्या लॅपटॉपमध्ये तशीच दुसरी बसवून फरक पडू शकतो.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बायोसला (संगणकाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असल्यामुळे विद्यार्थ्यांना व्हर्च्युअलायझेशन स्वतः चालू करता येत नाही. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रयोगशाळा साहाय्यकांनी ते प्रत्येक यंत्रावर चालू करून ठेवावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, सोलापूर