पिन म्हणजे सही, अण्णा

टालिन, एस्टोनिया, ८ डिसेंबर

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. पत्र बघून घाबरू नका. फोन असताना पत्र कशाला, असं आईला वाटेल. पण अण्णा, फोनवर तो विषय काढला की तुम्ही "रेंज जातेय" म्हणून फोन आईकडे देता, म्हणून लिहायला बसले. माझ्या वर्गातला पुण्याचा एकजण नाताळच्या सुट्टीत घरी चाललाय, त्याच्या हाती हे देतेय.

आधी आईच्या काळज्या. मी वेळेवर जेवते. तोंड बारीक दिसतं ते टोपीमुळे, वजन उतरलेलं नाही. ज्वारीचं पीठ संपलं, पण इथे राय नावाच्या धान्याचा काळा पाव मिळतो, आंबूस आणि पोटाला भरीव. दुकानात केफिर म्हणून ताकासारखं मिळतं, गेल्या रविवारी त्याची कढी केली. फुटली नाही! तुझी कांदा-लसूण चटणी अर्धी बरणी शिल्लक आहे, पुरवून खातेय. आणि बसला पैसे लागत नाहीत. टालिनचा रहिवासी म्हणून नोंद केली की शहरातली बस-ट्राम फुकट, २०१३ पासून आहे हे. माझी नोंद पहिल्याच महिन्यात झाली.

दादाला सांगा, रशियाचा नकाशा रोज पाठवू नकोस. सीमा लांब आहे, माझ्या खोलीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. हा देश २००४ पासून नाटोत आहे. इथली माणसं सकाळी मुलांना शाळेत सोडतात, कामाला जातात, संध्याकाळी बर्फ झाडत घरी येतात. त्यांच्याच मधे मी राहते.

राहिला अंधार. आई, तू दर वेळी विचारतेस आणि मी विषय बदलते, म्हणून आता सविस्तर लिहिते. सध्या सूर्य नऊ वाजता उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. म्हणजे मी कॉलेजला जाते तेव्हाही अंधार आणि येते तेव्हाही. पण या लोकांनी त्यावर एक गोष्ट काढलीय. तिला 'हेल्कुर' म्हणतात. बिस्किटाएवढी प्लास्टिकची चकती, त्याला दोरा, दोऱ्याला सेफ्टी पिन. पिन कोटाच्या खिशात आतून लावायची आणि चकती बाहेर गुडघ्यापाशी लोंबत सोडायची. गाडीचा दिवा पडला की ती लखकन चमकते. गुडघ्यापाशीच का, तर गाडीचा दिवा खाली रस्त्यावर पडतो, छातीपर्यंत येत नाही. आणि लोंबती का, तर चालताना ती हलते, फिरते, आणि हलणारं ड्रायव्हरच्या डोळ्यांत आधी भरतं. हे हौसेचं काम नाही, कायदाच आहे. अंधारात पायी चालणाऱ्यानं हेल्कुर लावायचाच, नाहीतर दंड. लहान मुलांच्या दप्तराला, आज्जीच्या पिशवीला, कुत्र्याच्या पट्ट्याला, सगळीकडे. पहिल्या आठवड्यात मला कळेना की एवढी चांगली शिकलेली माणसं चाव्या हरवल्यासारखी दोरे लोंबवत का फिरतात. मग एका संध्याकाळी बसस्टॉपवर एका बाईंनी माझ्याकडे बघितलं, काही न बोलता स्वतःच्या पर्समधून एक हेल्कुर काढला आणि माझ्या कोटाला लावून दिला. इथे अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही, मान हलवून नमस्कारसुद्धा करत नाहीत. त्या बाईही पुढे काही बोलल्या नाहीत. बस आली, चढल्या. तो हेल्कुर अजून माझ्या कोटाला आहे. तेव्हा आई, अंधारात मी दिसते.

आत्यांना कुणीतरी सांगितलंय की मी हॅकिंग शिकते. त्यांना सांगा, संगणकांवरचा पहारा शिकते. २००७ च्या एप्रिलमध्ये इथे सोव्हिएत काळातला एक पुतळा हलवल्यावरून दंगल झाली आणि मग कित्येक दिवस बँका, वर्तमानपत्रं, सरकारी खाती यांच्या वेबसाइटवर जगभरातून खोट्या मागण्यांचा लोंढा सोडला गेला. तेरा-साडेतेरा लाख वस्तीचा देश, आणि बँकेची साइट उघडेना. त्यातून हे लोक शिकले. एवढ्या लांब एवढ्याशा देशात कशाला, असं अण्णांनी जाताना विचारलं होतं, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. त्याचं उत्तर हे आहे.

अण्णा, आता तुमच्याशी.

दादानं मला सांगितलं. त्याच्यावर रागावू नका, मी खोदून विचारलं. बेदाण्याचा ॲडव्हान्स द्यायचाय म्हणून फोन आला, क्यूआर पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील" म्हणाला. एकोणीस हजार गेले. मग "चुकून उलटं झालं, परत करतो, पुन्हा टाका" म्हणाला, आणि आणखी एकोणीस गेले. तुम्ही बारा दिवस कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. बँकेत म्हणे एकजण म्हणाला, पिन तुम्हीच टाकलात, आता काय करणार. आणि तुम्ही दादाला म्हणालात, पोरगी हेच शिकायला गेलीय आणि बाप असा.

ते वाक्य ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

मी इथे माणसं कशी फसवली जातात यावर तास ऐकते, वहीत आकृत्या काढते, आणि माझ्या घरात कुणाला पाच मिनिटं समोर बसवून सांगितलं नव्हतं. तुमच्या फोनमध्ये ते ॲप मीच टाकून दिलं होतं. विमानाची घाई होती म्हणून पिन कसा टाकायचा तेवढं दाखवलं आणि कधी टाकायचा नाही ते राहून गेलं. ही चूक माझी आहे.

आता ते सांगते. इथल्या ओळखपत्राला दोन पिन असतात. पहिला चार आकडी, तो "मी कोण" हे सांगायला. दुसरा पाच आकडी, तो सही करायला. आणि ती सही कायद्यानं कागदावरच्या सहीइतकीच पक्की. खोलीचा करार मी तशीच सही करून केला. दुसरा पिन मागितला की हात आपोआप थांबतो, कारण आता आपण सही करतोय हे माणसाला कळतं. आपल्या यूपीआयचा पिन हा तसा सहीचा पिन आहे, अण्णा. तुम्ही सोसायटीच्या कागदावर न वाचता कधी सही केली नाही, आम्हालाही करू दिली नाही. मग एवढंच धरा: पैसे येताना आपली सही लागत नाही. शिल्लक बघणं सोडलं तर, पिन लागला म्हणजे पैसे आपल्याकडून चाललेत. समोरचा काहीही म्हणो, व्यापारी असो की साहेब.

आणि असं पुन्हा कुणाचंही झालं, शेजारच्या कुणाचं झालं तरी, त्याच मिनिटाला १९३० ला फोन करायचा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. बारा दिवसांनी फार अवघड होतं. लाज धरायची नाही. २०१७ साली इथल्या ओळखपत्रांच्या चिपमध्येच खोट निघाली, साडेसात लाख कार्डांत. चेक देशातल्या संशोधकांनी दाखवून दिली. सरकारनं स्वतः लोकांना सांगितलं, कार्डं तात्पुरती थांबवली, दुरुस्त केली. कार्ड वापरणाऱ्याला कुणी खुळा म्हटलं नाही. आमच्या वर्गात ते उदाहरण चाललं होतं आणि मला सारखे तुम्ही दिसत होता, ओसरीवर फोन उलटा ठेवून बसलेले.

माझ्या प्रबंधाचा विषय मी बदललाय. माणूस पिन टाकतो त्या क्षणी पडद्यावर काय लिहिलेलं असावं, यावर करणार आहे. सरांनी विचारलं, का. मी सांगितलं, घरचं कारण आहे.

पैशाचं. मला आठवड्यातून तीन संध्याकाळी एका ऑफिसात काम मिळालंय, सर्व्हरच्या नोंदी वाचायचं. अभ्यासाला धक्का नाही. जानेवारीपासून कर्जाच्या व्याजाचा हप्ता मी भरीन, तुम्ही भरू नका. आणि अडतीस हजार वेगळे पाठवतेय. नाही म्हणू नका. द्राक्षाच्या औषधाला वापरा, भुरी येईल या थंडीत.

आज्जीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते. वहिनीनं सगळं केलं, तिला माझ्याकडून काही घेऊन द्या, मी पैसे देते.

इस्लामपूरच्या पाहुण्यांना जूनपर्यंत थांबायला सांगता येईल का? मुलगा चांगलाच असेल, आईनं फोटो पाठवला तो बघितला. मी टाळतेय असं समजू नका. इथे बहुतेक सगळी सरकारी कामं घरबसल्या होतात, पण लग्नाला दोघांनी अधिकाऱ्यासमोर उभं राहावंच लागतं. मलाही एक गोष्ट तुमच्यासमोर बसूनच सांगायचीय, फोनवर नाही. पत्र आणणारा कुरिअर करीन म्हणाला होता, आता स्वतःच तासगावला येतो म्हणतोय. आला तर जेवायला थांबवा. आई, त्याला पिठलं आवडतं.

पाकिटात दोन हेल्कुर आहेत. एक दादाच्या मोटारसायकलला. दुसरा अण्णा तुमच्या पायजम्याला, उजव्या बाजूला, गुडघ्यापाशी. रात्रीची लाईट आली की तुम्ही मोटर चालू करायला रस्त्याच्या कडेनं चालत जाता आणि उसाच्या ट्रॉल्या येतात-जातात. लावून बघा आणि आईला बॅटरी घेऊन उभं करून विचारा, लांबून दिसतो का.

तुमची,
मनू