परिचारिकांच्या धास्तीची दखल कोण घेणार?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

१२ मे हा परिचारिका दिन. सत्कार होतात, व्हायलाच हवेत. पण करोनाकाळात आमच्या मनाचं काय झालं, हे अजून कोणी विचारलेलं नाही, म्हणून लिहिते.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोना कक्षात रात्रपाळीला होते. पीपीई किट चढवताना काही वाटत नसे, उतरवताना हात थरथरत. घामाने निथळलेल्या, पेंगुळलेल्या अवस्थेत एखादी पायरी मागेपुढे झाली, तर आजार थेट घरी सासूबाईंपर्यंत. त्याहून मोठी धास्ती ऑक्सिजनची. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर आमच्याकडची प्रत्येक सिस्टर पाळीवर आली की आधी प्रेशरचा काटा बघून येई. आजही मॉनिटरचा अलार्म वाजला की माझ्या छातीत धस्स होतं.

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. आमच्या वाट्याला कितीतरी जास्त येत. दोन अलार्म एकदम वाजले तर आधी कुठे धावायचं? मृत्यू आम्ही नोकरीभर पाहतो. ही निवड करायला मात्र आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तीच अजून झोपेत येते.

विमा मिळाला, ५० लाखांचा, पण तो मृत्यूनंतरचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो चांगलाच आहे. पण रात्रपाळी उरकून घरी स्वयंपाकाला लागणारी बाई फोन लावणार कधी? कंत्राटी मुलींना तर ‘भीती वाटते’ म्हणायचीही चोरी, पुढची नेमणुकीची ऑर्डर निघेल की नाही ही धाकधूक. समुपदेशन ड्युटीच्या वेळेतच आणि रुग्णालयातच मिळावं, त्याची नोंद सेवापुस्तकात जाऊ नये. रिक्त पदं भरावीत. पुढच्या साथीत आम्ही राहायचं कुठे, बाधित झालो तर आमच्यासाठी खाटा कुठे, हे आजच लेखी ठरवावं.

त्या दिवसांत आमच्या मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) दुसऱ्या दिवशीचा ड्युटी तक्ता आणि शिल्लक किटचा आकडा रोज संध्याकाळी ग्रुपवर टाकू लागल्या. तेवढ्यानेही आमच्यातल्या बऱ्याच जणींना झोप लागू लागली. हे कुठल्याही रुग्णालयाला पैशाविना करता येईल.

– एक अधिपरिचारिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)