खोडलेल्या एका ओळीबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणालात आणि विषय वाचनालयाच्या गळक्या छपराकडे नेलात. म्हणून हे पत्र, तेही उघड. तुमचं नाव आणि वाचनालयाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, एवढं आपल्या बोलण्यावरून मला कळलंय. कणकवलीच्या अलीकडे, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं, एक वाचनालय आहे, इतकं सांगितलं की पुरे.

माझी कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही (म्हणजे जवळपास सगळ्यांनी), त्यांच्यासाठी दोन ओळी. तीन पिढ्यांची गोष्ट आहे. आजोबा विजयदुर्गाहून बोटीनं मुंबईला जातात, गिरणीत लागतात, लालबागला गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपतात. आजी गावी. दोघांच्या मध्ये महिन्याची मनीऑर्डर आणि तिच्या कुपनावर मावतील तेवढ्या ओळी. मुलगाही त्याच गिरणीत चिकटतो. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होतो, अडीच लाख कामगार बाहेर पडतात, आणि गणपती-शिमग्यापुरता दिसणारा एक बाप कायमचा घरी येतो. त्याच्याशी रोज काय बोलायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. तिसरी पिढी म्हणजे त्याची मुलगी. ती डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभी राहून हे सगळं आठवते.

आता थोडं उणंदुणं काढते. तुम्ही रागावाल, पण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते लोकांना समजायचं नाही.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित कितीतरी महिने ठेवून घेतलं आणि 'आमच्या चौकटीत बसत नाही' असं कळवून परत पाठवलं. मी बांधलेला दोरा माझ्याच गाठीसकट जसाच्या तसा होता. दुसऱ्यांनी छापलं, त्यांचे उपकार आहेत. पण मलपृष्ठावर 'कोकणच्या विरहिणींची प्रतीक्षागाथा' असं छापून मोकळे झाले. प्रकाशन समारंभात अध्यक्ष चाळीस मिनिटं स्वतःच्या बालपणावर बोलले. शेवटी पुस्तकाकडे वळले तेव्हा माझ्या आजीला त्यांनी 'ती सोशिक विधवा' म्हटलं. आजोबा शेवटच्या प्रकरणापर्यंत जिवंत आहेत हो! सभागृहात टाळ्या पडल्या. एका पुरवणीत परीक्षण आलं, त्यात मलपृष्ठावरचाच मजकूर वाक्यं पुढंमागं करून आला. नातेवाइकांनी पुष्पगुच्छांची चित्रं पाठवली आणि पाठोपाठ एकच प्रश्न विचारला, "यात मी आहे का?" एका चुलत भावाला आपण यात आहोत असं वाटलं. तो अजून बोलत नाही. दुसऱ्याला आपण यात नाही असं वाटलं. तोही बोलत नाही.

कुटुंबावर लिहिलं की हे व्हायचंच, असं लोक समजावतात. असेल. मला दुःख त्याचं नव्हतं. आपण लिहिलेल्या ओळीवर कुणाचं बोट नीट टेकलंच नाही, हे खुपत होतं. पुढं काही लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलं होतं.

आणि मग तुमचं पार्सल.

वाचनालयाची प्रत हाताळून खिळखिळी झाली, पानं सुटली. दुसऱ्या कुणी ती रद्दीत टाकली असती, नाहीतर लेखिकेला "एक प्रत भेट द्या" म्हणून कळवलं असतं. तुम्ही ती दाभणानं शिवलीत. शिवतानाच मागं कोरी पानं घातलीत आणि वर लिहिलंत, 'वाचून झाल्यावर वाटलं तर लिहावं. नाव दिलंच पाहिजे असं नाही.' ती पानं भरली तेव्हा मूळ प्रतच माझ्याकडे पाठवून दिलीत, वाचून परत करण्याच्या बोलीवर.

त्या पानांवर एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी तक्रार केली आहे, की माणसं फार, लक्षात राहत नाहीत. तक्रार करून थांबले नाहीत, त्यांनी पट्टी घेऊन कादंबरीतल्या घराण्याची वंशावळ काढली. आपल्याकडे असते तशीच, फक्त मुलगे. खाली कुणीतरी पेन्सिलीनं एक चूक दाखवली. आणि त्यानंतरच्या वाचकानं, अक्षरावरून बाई असाव्यात, हिरव्या शाईनं एकेक फांदी ओढून सगळ्या मुली आणि सुना त्यात घातल्या. सुनांची माहेरची नावंसुद्धा! ती मजकुरात कुठं कुठं विखुरलेली आहेत, बाईंनी ती शोधून काढली. आता त्या पानावर निळ्यापेक्षा हिरवं जास्त आहे. मी आजवर ऐकलेली सगळी परीक्षणं त्या एका पानावरून ओवाळून टाकावीत.

बारावीतल्या एका मुलानं लिहिलंय, की मोबाइल दुरुस्तीला गेला म्हणून पुस्तक नेलं. साठ पानं झाल्यावर आजोबांना विचारलं, संप म्हणजे काय झालं होतं? आजोबा लाइट येईपर्यंत बोलत होते. 'नंतर टीव्ही लावला नाही,' एवढंच वाक्य, पुढं सही.

एका सूनबाईंनी कादंबरी सासूबाईंना वाचायला दिली. 'त्यांनी वाचून परत दिली. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा त्यांनी केला.' मी हे लिहायला गेले असते तर दोन पानं खर्ची घातली असती.

खरपूस समाचार घेणारेही आहेत. 'शेवटची शंभर पानं कशाला?' असं एकांनी विचारलंय, आणि उत्तरासाठी जागाही सोडली आहे. लालबागला उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेल्या एका वाचकानं, खानावळवाल्या मावशीला एकच प्रकरण दिलं म्हणून मला फैलावर घेतलंय. पाळीवरून येणाऱ्या गड्यांना वेळेवर ताट वाढणाऱ्या या बाया नसत्या तर गिरण्या चालल्याच नसत्या, असं त्यांचं म्हणणं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या कचाट्यातल्या या बायांना बँकेच्या दारापर्यंत नेलं, ते तुमच्या कादंबरीत कसं नाही? खाली, 'माझी आई त्यात होती.' यावर मी काय बोलणार?

आणि एक पान असं आहे की तिथं मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन आले. नाव नाही. 'माझ्या वडिलांनी कधी मनीऑर्डर पाठवली नाही. मुंबईत दुसरं घर केलं. अशा घरांवर कोणी लिहीत नाही.' त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, 'आमच्याही.' त्याच्याही खाली, अगदी बारीक, 'आमच्याही.' एकाच गावातल्या तिघांनी एकमेकांना हे कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पण ताई, पत्र मी ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते पुढच्या पानावर आहे.

त्या पानावर अक्षर तुमचं आहे. वर लिहिलंय, 'सांगणार: वरच्या वाडीतल्या आजी. वय नव्वदीचं. लिहिता-वाचता येत नाही. लिहून घेणार: ग्रंथपाल.' वाचनालय सोमवारी बंद असतं. त्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही वाडीत चढून जात होतात आणि आजींना कादंबरी वाचून दाखवत होतात, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. तुमच्या शिपायाकडून कळलं. ते असो. तेवढ्यावरही कुणी तुमचा सत्कार केला असता. मला त्या पानावरच्या एका खोडलेल्या ओळीबद्दल बोलायचंय.

आजी बोलत गेल्या, तुम्ही लिहीत गेलात. 'ह्या बुकातलो म्हातारो बरो आसा. आमचो तसो नाय होतो. पैसे धाडी, पण कुपनार कायएक लिही नाय.' इथपर्यंत त्यांचे शब्द. पुढं तुम्ही लिहिलंत, 'नवऱ्याची वाट बघण्यात माझं सगळं आयुष्य गेलं.' चांगलं वाक्य आहे, भाषणात शोभेल असं. आणि मग लिहिलेलं सगळं तुम्ही आजींना वाचून दाखवलंत. त्या म्हणाल्या असणार, हे मी बोलले नाही. ती अख्खी ओळ तुम्ही एका रेघेनं खोडलीत, खालचं वाचता येईल अशी, आणि वर त्यांचं वाक्य लिहिलंत: 'वाट बघूक येळ खंय होतो? लावणी कोणी करूची?' समासात छोटी सही. तुमची. बँकेत पूर्वी चेकवर खाडाखोड झाली की करायचे तशी.

ती सही मी किती वेळ बघत बसले होते!

त्या आजींना वाचता येत नाही. तुम्ही ते वाक्य तसंच ठेवलं असतंत तर त्यांना मरेपर्यंत कळलं नसतं. मला कळलं नसतं. उलट मी खूश झाले असते, मलपृष्ठाला शोभणारी साक्ष मिळाली म्हणून. वाचून दाखवायचं कुणाचंच बंधन तुमच्यावर नव्हतं. तरी दाखवलंत, आणि तुम्हालाच सुचलेलं, तुम्हालाच आवडलेलं वाक्य एका म्हातारीच्या 'नाही'वर मागं घेतलंत. ज्यांच्या हातात माइक होता त्यांनी माझं पुस्तक न उघडता माझ्या आजीला विधवा केलं. आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयात बसून तुम्ही, जिच्या शब्दांना कुणी विचारत नाही तिचा शब्दन् शब्द तिच्या पदरात परत घातलात.

माझ्या लहानपणी गावात पोस्टमन होते. ज्या बायांना वाचता येत नसे त्यांना ते ओट्यावर टेकून मनीऑर्डरचं कुपन वाचून दाखवत. घरात काय चाललंय, कुणाचा नवरा पिऊ लागलाय, कुणाचे पैसे निम्म्यावर आलेत, सगळं त्यांना ठाऊक. पण एका घरचं दुसऱ्या घरी कधी गेलं नाही, आणि वाचताना स्वतःचं काही घातलंही नाही. कुपनात 'बरा आहे' असेल तर 'बरा आहे' एवढंच. बायका म्हणायच्या, "नीट बघा हो, आणखी काही असेल." ते कुपन उलटसुलट करून दाखवायचे. २०१५ साली टपाल खात्यानं ती जुनी मनीऑर्डर बंद केली, तेव्हा वर्तमानपत्रांत एका युगाचा अस्त वगैरे पुष्कळ आलं. त्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती. दुसऱ्याचा शब्द वाटेत न सांडता पोचवणारी ही माणसं आपल्याकडे अजून आहेत. बँकेत म्हातारीचा फॉर्म भरून देणारी, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते वाढवून-कमी करून न सांगणारी. त्यांना आपण भली माणसं म्हणतो आणि पुढं जातो.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, हे आपण प्रत्येक ग्रंथोत्सवात छाती काढून सांगतो. सांगावंच. ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, हेही सांगतो. त्या कायद्याखाली 'ड' वर्गात बसलेल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याकाठी काय पडतं, ते मात्र व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. तुम्ही हा आकडा मला हसत सांगितला होतात. तो मी इथं छापत नाही, वाचणाऱ्याला लाज वाटेल.

आता कामाचं. तुमची प्रत स्पीड पोस्टानं परत करते आहे. सोबत एक नवी कोरी प्रतही आहे, पण जुनी कृपा करून काचेच्या कपाटात ठेवू नका. ती फिरत राहू दे. मागं पानं संपलीत, तेव्हा आणखी घाला. शेवटच्या शंभर पानांच्या प्रश्नाला, सोडलेल्या जागेत, मी उत्तर लिहिलंय. त्या वाचकाला पटेल असं नाही. छपरासाठी मी आणि दोन मैत्रिणींनी मिळून थोडी रक्कम काढली आहे. वाचनालयाच्या नावानं चेक पाठवू का, ते कळवा. संचालक मंडळ माझा कार्यक्रम ठेवायचं म्हणतंय असं ऐकलं. शाल-श्रीफळ नको. सोमवारी मला तुमच्यासोबत वरच्या वाडीत यायचं आहे. मात्र आजींना आधी विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर मला नाहीच म्हणून कळवा.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एक लेखिका, डोंबिवली

ता. क. : वंशावळीत थोरल्या आत्याची मुलगी अजून राहिली आहे. प्रकरण सात बघायला सांगा. हिरव्या शाईचं काम मी मुद्दाम केलं नाही, ते त्यांचंच आहे.