नुसत्या शब्दांवर चालणारे गेम

संपादक साहेब,

गेमिंगवर काहीही छापून आलं की सगळा भर ग्राफिक्सवर, पण फक्त टाइप करून खेळायच्या ऑनलाइन रोलप्ले गेम्सबद्दल (प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि लिहून लिहून गोष्ट पुढे न्यायची) कोणी लिहीतच नाही, याचं खरंच वाईट वाटतं. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड (MUD) नावाचा असा शब्दांवर चालणारा गेम बनवला तेव्हापासूनची ही परंपरा आहे, तो जादूच्या दुनियेतला होता पण माझ्या मते हा प्रकार सर्वात जास्त शोभतो तो सायन्स फिक्शनलाच. कारण इथे बजेटची अडचण नसते ना! दोन सूर्यांचा ग्रह हवा, लिहा. शरीरच नसलेला एलियन हवा, तोही लिहा. समजा यानावर एकजण कॅप्टन, दुसरी इंजिनिअर, तिने रिअ‍ॅक्टर बंद पडल्याचं लिहिलं की सगळ्यांची गोष्ट वळते, आणि दुसऱ्याच्या पात्राने काय करायचं ते आपण ठरवायचं नाही हा नियम तर मला फारच आवडतो. बऱ्याच गेम्समध्ये उत्तर उद्या दिलं तरी चालतं, त्यामुळे वेगवेगळ्या देशांतले लोक आरामात एकत्र खेळतात (महागडा कॉम्प्युटरही लागत नाही). साय-फाय वाचणाऱ्या मुलांसाठी तुमच्या पुरवणीत यावर एक लेख छापाच, प्लीज.

एक वाचक