मे महिन्यात तुम्ही येताय

मिलान
फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बघू गं" म्हणते आणि बाबा फोन आत्याच्या हातात देतात, म्हणून लिहून पाठवतेय. चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दादाला फोन लावू नका, त्याला सगळं माहीत आहे.

तुमची मे महिन्यातली विमानाची तिकिटं मी काढली आहेत. मुंबईहून मिलान, येता-जाता दोन्ही वेळा व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. माझ्याकडे चार दिवस नुसता आराम करायचा. मग आपण तिघं रेल्वेने खाली दक्षिणेला सालेर्नोला जायचं आणि तिथून अमाल्फीचा किनारा पाहायचा. सालेर्नोत आठ रात्रींसाठी घर घेतलंय, त्याचे आगाऊ पैसेही भरून झालेत.

आधी विचारलं का नाहीस, असं बाबा म्हणतील. विचारल्यावर काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रामेश्वरची तिकिटं आठवा. तेव्हाचं कारण खरंच मोठं होतं, त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही. पण पुढे दर वर्षी काही ना काही निघत गेलं. बोअर आटलं, माझी फी आली, आत्याचं ऑपरेशन झालं. डिसेंबरात आले होते तेव्हा बाबा, तुम्ही पूजेवरून उठताना कपाटाची कड धरत होतात. माझं लक्ष आहे असं दिसल्यावर कपाटात काहीतरी शोधायला लागलात. मी काही बोलले नाही. पण तेव्हाच ठरवलं की आता पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही. पैशाचा विचार करू नका. हे मी यासाठीच बाजूला टाकत आले होते, त्यातला एक रुपयाही घराच्या कर्जाला लागणार नव्हता.

आई, तुझ्या त्या कॅलेंडरवरचं गाव, डोंगरावरून थेट समुद्रात उतरणारी गुलाबी-पिवळी घरं, ते पोझितानो. तिथे आपण राहणार नाही आहोत. वाईट वाटून घेऊ नकोस, मी खूप विचार करून हे ठरवलंय. चित्रात जे इतकं सुंदर दिसतं ते सगळं पायऱ्यांवर उभं आहे. रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या, घरापासून दुकानापर्यंत पायऱ्या. लोक सामान वाहायला हमाल करतात. बाबांचा गुडघा तिथे दुसऱ्या दिवशी बसेल आणि मग बाबा खोलीत, तू त्यांच्या पायाशी तेल घेऊन, असं आपलं पोझितानो होईल. सालेर्नो त्या किनाऱ्याच्या पूर्वेच्या टोकाला आहे. मोठं शहर, मोठं रेल्वे स्टेशन, मोठं सरकारी रुग्णालय. समुद्राला लागून ताडांच्या सावलीतला लांबलचक सपाट रस्ता आहे आणि बसायला बाकं. संध्याकाळी गावातली सगळी म्हातारी माणसं तिथे येऊन बसतात. तुम्हाला तिथे परकं वाटणार नाही, एवढं मी पाहून आलेय.

आणि दुसरं कारण तू स्वतः आहेस. सोलापूरला जाताना तुळजापूरच्या घाटात तुला गाडी लागते. इथला किनाऱ्याचा रस्ता एकोणिसाव्या शतकात कडा कोरून केलेला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र आणि वळणामागून वळण. उन्हाळ्यात त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आपण बोटीने जायचं. स्टेशनच्या जवळच धक्का आहे. तिथून अमाल्फी पस्तीस-चाळीस मिनिटं, पोझितानो तासाभराच्या थोडं वर. या बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच चालतात, म्हणून मे. मागच्या बाजूला उघड्यावर बसायचं, नजर लांब किनाऱ्यावर ठेवायची, तोंडात आवळा सुपारी धरायची. म्हणजे बोट सहसा लागत नाही. समुद्र खवळला तर बोट बंद, मग त्या दिवशी घरी खिचडी आणि पत्ते. पोझितानो तू बोटीतून डोळे भरून बघशील, आणि खरं सांगते, ते समोर समुद्रावरूनच सगळ्यात छान दिसतं.

घराचं सांगते. दुसरा मजला, लिफ्ट आहे. मी चढून उतरून पाहिली, तिघं आणि दोन बॅगा मावतात. गॅस आहे, कुकर मी मिलानहून आणीन. संडास कमोडचा, आणि शेजारी धुण्यासाठी वेगळं बसकं बेसिन, त्याला नळ. इटलीत १९७५ पासून प्रत्येक घरात ते ठेवण्याचा नियमच आहे, त्यामुळे आईने पाण्याचा प्रश्न मनातून काढून टाकावा. बाबांच्या खाटेची उंची मी मापून घेतली आहे, पाय सरळ जमिनीला टेकतात. सकाळी दूधवाला येत नाही, पण खालच्या दुकानात दूध मिळतं. चहापत्ती माझ्याकडे आपलीच आहे.

जेवणाची काळजी नको. टोमॅटोचा पास्ता, वांग्याचे थर लावून चीज घालून भाजलेला पदार्थ, भाज्या, पाव, सगळं मिळतं. फक्त चेतारा नावाच्या गावापाशी सांभाळायचं. तिथे छोटे मासे मिठात मुरवून त्याचा अर्क काढतात आणि तो पास्त्यात घालतात. पास्त्यात घातल्यावर तो दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी आधी मी विचारेन, मगच तू घास घ्यायचा.

लिंबांबद्दल मात्र मला तुला दाखवायचंच आहे. हाताच्या पंज्याएवढी, टोकाला निमुळती लिंबं. डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेती केलीय. त्यावर चेस्टनटच्या लाकडाचे मांडव, आणि मांडवाखाली झाडं. गाडी वर जात नाही, लिंबं अजूनही बऱ्याच ठिकाणी माणसंच खांद्यावरून खाली आणतात. ही लिंबं साल आणि आतल्या पांढऱ्या गरासकट कापून, मीठ-साखर लावून खातात, कडू लागत नाहीत. लोणचं कसं होईल ते तूच सांग, मला वाटतं साल जाड असल्याने जास्त मुरवावं लागेल. या बांधांसकट हा सगळा किनारा १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. सालेर्नोच्या लगतच व्हिएत्री नावाचं कुंभारांचं गाव आहे. निळ्या-पिवळ्या रंगवलेल्या ताटल्या आणि फरशा, सगळ्या भिंतींवरसुद्धा त्याच. गोरोबाकाकांच्या गावाला जाऊन आल्यावर तू जशी गाडग्यांजवळ थांबतेस तशी तिथे थांबशील. वेळ ठेवला आहे.

बाबा, आता तुमचं. अमाल्फीच्या चर्चला बासष्ट पायऱ्या आहेत आणि तुम्ही त्या चढायच्या नाहीत. हे आत्ताच सांगते, कारण तिथे पोचल्यावर तुम्ही माझं ऐकणार नाही. खाली चौकात कारंज्याशेजारी बसायचं आणि समोरून बघायचं. तिथून सगळा दर्शनी भाग छान दिसतो. त्याऐवजी मी तुम्हाला कागदाच्या जुन्या गिरणीत नेणार आहे. तिथे ओढ्याच्या पाण्यावर लाकडी हातोडे फिरवून चिंध्यांचा लगदा करत आणि त्याचा कागद काढत. कागद हातात घेऊन बघता येतो. तुमच्यासारखा माणूस, ज्याने आयुष्यभर कोऱ्या पानाचा वास घेऊनच वही निवडली, तो तिथून लवकर निघणार नाही. समुद्री व्यापारावर मोठी झालेली जिनोआ, पिसा, व्हेनिस ही नावं तुम्ही फळ्यावर लिहायचात, त्याच रांगेतलं हे अमाल्फी. आज ते हातावर मावेल एवढं गाव आहे, कारण १३४३ मधल्या वादळात बंदराचा मोठा भाग समुद्राने गिळला. अमाल्फीच्या वर रावेल्लो आहे, तिथे टॅक्सीने जाऊ. वरचा चौक सपाट आहे. व्हिला रुफोलोच्या बागेत १८८० मध्ये वाग्नर हा जर्मन संगीतकार आला होता. स्वतःच्या संगीतनाटकातली जादूची बाग त्याला तिथे सापडली. बाकावर बसून सगळा किनारा खाली दिसतो.

आणि एक दिवस नेपल्स. तुम्हाला वाटेल ही किनारा दाखवायला नेतेय, मग शहर कशाला. बाबा, मी चौथीत होते. एम-एटीवर पुढे मला उभं करून तुम्ही तेरला नेलं होतं. संग्रहालयात त्या हस्तिदंती मूर्तीच्या काचेपाशी मला दिसेना म्हणून तुम्ही मला उचलून कडेवर घेतलंत. कडेवर घेण्याएवढी लहान मी राहिले नव्हते, तरी घेतलंत. म्हणालात, "हिची बहीण समुद्रापलीकडे इटलीत आहे, ज्वालामुखीच्या राखेत सापडली." मी विचारलं, तुम्ही पाहिली का. तुम्ही म्हणालात, फोटोत. ती बहीण नेपल्सच्या संग्रहालयात आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात निघाली, म्हणजे इ.स. ७९ मध्ये राखेखाली ते शहर गाडलं गेलं त्याच्या आधीच तिथे पोचलेली. भोकरदनला सापडलेल्या मूर्तीशीही तिचं जुळतं, हे तुम्हीच सांगायचात. तगरहून, म्हणजे जुन्या तेरहून, बैलगाड्या भरून माल भडोचला जायचा, तिथून जहाजात, हेही तुमच्याच तोंडून ऐकलंय. ती आरशाची मूठ होती की एखाद्या चौरंगाचा पाय, हा तुमचा आणि देशमुख सरांचा वाद एकदा समोर उभं राहून तुम्ही मिटवा. वीतभराहून थोडी उंच आहे, पण समोर गेल्यावर पाय हलत नाही. एकच, ज्या दालनात ती ठेवलीय तिथल्या बाकीच्या रोमन वस्तू जरा उघड्यानागड्या आहेत. आईला आधी कल्पना देऊन ठेवा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून गुरुवार धरलाय.

पॉम्पेईला जायचा हट्ट तुम्ही धरणार, म्हणून तेही बसवलंय. दगडी रस्ते ओबडधोबड आहेत, पण अपंगांसाठी आणि वयस्करांसाठी एक सपाट वाट केलेली आहे. सगळी चालायची नाही, निम्मी. काठी घेतल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही. पेस्तुमची ग्रीक देवळं मात्र सपाट माळावर आहेत, तिथे हवं तेवढं फिरा. त्याच माळावर म्हशींचे गोठे आहेत आणि म्हशीच्या दुधाचं ताजं मोझरेला तिथेच करतात. आजोबांची म्हैस आठवून तुम्ही तिथे रमणार हे मला दिसतंय.

आत्याचं लिहायला जड जातंय, पण लिहिते. ती तुमच्याशिवाय राहिलेली नाही, तुम्हीही तिच्याशिवाय राहिला नाहीत. मी तिच्याशी बोलले आहे. तीच म्हणाली, "ने बाई त्यांला एकदाचं, माझ्यापायी किती दिवस बसतील." दादा तिला लातूरला नेणार आहे. वहिनीने रजा टाकली आहे. खालच्या खोलीत खाट, बाथरूमला धरायला दांडा बसवून झाला. तिचा रेडिओ, तिचा गुळाचा चहा, रात्रीची पाय दाबणारी बाई, सगळं तिथे आहे. तिला सोडून जाताय असं मनात आणू नका. तिने तुमच्यासाठी केलेली ही एक गोष्ट आहे, ती तिला करू द्या.

आई, वाळवणं एप्रिलातच उरक, नाहीतर यंदा कुरडया विकत आण. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील. धाराशिवला ऊन चाळिशी ओलांडेल तेव्हा इथे दिवसा बावीस-तेवीस अंश असेल, रात्री शाल लागेल. बाबांचा मरून स्वेटर आण, नवा नको, तो टोचतो.

आता ऐका. दूध-तुपाचं काहीही आणायचं नाही. पेढे नाहीत, खवा नाही, कढवलेलं तूपसुद्धा नाही, युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. आंबेही नाहीत, केशर असला तरी नाही, आणि कढीपत्ताही नाही. नारळ चालतो. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट भरपूर आण. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. डॉक्टरांकडून औषधांची नावं इंग्रजीत, सहीशिक्क्यासह घ्या. विमानात जेवण उशिरा येतं, साखरेची गोळी घेतल्यावर बिस्किटं जवळ ठेवायचीच. मे महिन्यात इथलं घड्याळ साडेतीन तास मागे असतं. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांना विचारून या, स्वतः ठरवू नका. लांबच्या प्रवासात पायाला मोजे घालायचे का हेही विचारा.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला स्वतः जावं लागेल, दादा गाडीने नेईल. तीस हजार युरोचा विमा लागतो, तो मी काढतेय. त्यात बाबांचा जुना मधुमेह आणि तुझं बीपी लपवायचं नाही, विचारलं की खरं सांगायचं. पासपोर्टवर आणि आधारवर आईचं नाव एकाच स्पेलिंगने आहे का ते आजच बघा. पेन्शनचं बँक स्टेटमेंट सहा महिन्यांचं काढा. पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो नवे काढा, लग्नातला कापून लावू नका.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करते. तोवर बाबांनी वहीत यादी करून त्यावर खुणा केलेल्या हव्यात. "बघू" असं उत्तर मी घेणार नाही. आत्याला माझा नमस्कार सांगा आणि तिच्यासाठी व्हिएत्रीहून काय आणू ते विचारून ठेवा.

तुमची,
सोनू