डॉल्फिनचे फोटो नुसते स्टेटसला ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीझन सुरू झाला की डॉल्फिन दिसल्याच्या बातम्या पेपरात फोटोसकट येतात, बघायला छान वाटतं, पण त्या फोटोंचा अजून एक उपयोग आहे आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

डॉल्फिनलाही त्वचेचे रोग होतात. एक रोग पॉक्सच्या जातीच्या व्हायरसने होतो, त्यात अंगावर करड्या-काळपट ठिपक्याठिपक्यांचे डाग उठतात, अगदी गोंदल्यासारखे. आता हा प्राणी काय धरून डॉक्टरकडे नेता येणार आहे? बाण मारून कातडीचा छोटा तुकडा काढतात, पण ते परवानगी आणि जाणकार माणूस असल्याशिवाय होत नाही, आणि प्राण्याला जखम होते ती वेगळीच. म्हणून मग फोटो. पाठीवरच्या पराच्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, त्यावरून कोण कुठला ते ओळखायचं आणि मग त्याच्या अंगावरचा डाग वाढतोय की बरा होतोय ते वर्षानुवर्षं बघायचं. स्कॉटलंडच्या मोरे फर्थ नावाच्या आखातात १९८९ पासून हे चालू आहे. १९९९ साली तर दहा वेगवेगळ्या ठिकाणच्या डॉल्फिनचे फोटो शेजारी ठेवून अभ्यास झाला आणि निघालं काय, तर जिथे पाणी थंड आणि खारटपणा कमी तिथे डाग जास्त.

देवमाशांसाठी तर मेक्सिकोत रिमोटच्या हेलिकॉप्टरला बशा बांधून त्यांच्या फवाऱ्याचे थेंब गोळा केले, त्याला २०१० मध्ये इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं, लोक हसले असतील पण आता तेच काम ड्रोनने होतं. अर्थात त्यातून श्वासाचे जंतू कळतात, कातडीसाठी फोटोच बरा.

हे आपल्याला का सांगतोय, तर ऑस्ट्रेलियात गिप्सलँड लेक्स या समुद्राला जोडलेल्या सरोवरांत २००७ साली पुराचं गोडं पाणी भरलं आणि डॉल्फिनच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले, काही मेलेही. आपल्याकडचे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याला धरून, खाडीच्या तोंडाशीच फिरतात आणि पावसात तिथे किती गोडं पाणी उतरतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ऑक्टोबरात बोटी सुरू झाल्या की काढलेले फोटो आणि मे महिन्यातले फोटो, त्याच जागेचे, शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे? फुकटात होणारं काम आहे.

मात्र फोटो बघून कोणीही डॉक्टर व्हायचं नाही. वय झालं की काहींच्या कुबडावर आणि परावर पांढरट डाग येतात तो रोग नव्हे, एकमेकांच्या दातांचे ओरखडेही असतात, आणि खरा रोग असला तरी कुठला ते फोटोवरून पक्कं सांगता येत नाही. बघणारा माहितगारच पाहिजे.

वनखात्याच्या कांदळवन कक्षाने यासाठी एक नंबर नाहीतर ईमेल द्यावा आणि बोटवाल्यांना चार गोष्टी समजावून सांगाव्यात: फोटोसाठी कळपाच्या मागे लागायचं नाही, चार बोटींनी घेरायचं तर अजिबातच नाही (हे आत्ता सर्रास चालतं), लांबूनच, शक्यतो झूमवाल्या कॅमेऱ्याने, बाजूने पर दिसेल असा काढायचा कारण फोनवर निम्म्या वेळा नुसतं पाणीच येतं. आणि पाठवताना तारीख, जागा टाकून मूळ फाईल पाठवायची, व्हॉट्सॲपवर दहा ठिकाणी फिरून आलेल्या फोटोत डाग कुठला आणि पाणी कुठलं तेच कळत नाही.

आपला,
एक वाचक, देवगड