प्रसिद्धीचे काम आवाक्यात आणून देणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

होमस्टे, नौकाविहार, पदभ्रमंतीसाठी गाइड, सायकली भाड्याने देणे असे लहान पर्यटन व्यवसाय चालवणाऱ्या आम्हा सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. समाजमाध्यमांवरील प्रसिद्धीचे काम तुम्ही आम्हाला ज्या पद्धतीने बसवून दिलेत, त्याबद्दल तोंडी आभार अनेकदा मानून झाले आहेत. तरीही ते जाहीरपणे लिहावेत असे वाटले, कारण वेगळा माणूस न नेमता, केवळ हातातल्या फोनवर कुणालाही ही पद्धत अवलंबता येते आणि ती आपल्यापर्यंत कुणामुळे पोहोचली हे अवलंबणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

आमच्या व्यवसायात खोल्यांची व्यवस्था पाहणारा, फोन घेणारा, हिशेब ठेवणारा आणि पाहुण्यांना फिरवून आणणारा बहुधा एकच माणूस असतो. त्यामुळे प्रसिद्धीच्या वाट्याला येते ती दिवसाच्या अखेरची थकलेली वेळ. ‘रोज काहीतरी पोस्ट करत राहा’ हा सल्ला अशा माणसाला सगळीकडून मिळतो, पण तुम्ही तो दिला नाहीत. पहिल्या भेटीत आमची इन्स्टाग्राम किंवा फेसबुकची पाने उघडण्याआधी तुम्ही एक कोरी वही मागवलीत आणि फोनवर किंवा मेसेजमधून येणारा प्रत्येक प्रश्न, तो ज्या शब्दांत विचारला गेला त्याच शब्दांत, उतरवून घ्यायला सांगितलेत.

ती वही भरत गेली तसे दिसू लागले की निसर्ग किती सुंदर आहे, हे जवळपास कुणीच विचारत नाही. लोक विचारतात, गाडी दारापर्यंत येते का, आईच्या गुडघ्यांना झेपेल इतकाच चढ आहे ना, लहान मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळेल का, मोबाइलला रेंज असते का, पाऊस आला तर आगाऊ भरलेल्या पैशांचे काय. यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक तयार पोस्ट आहे, हे तुम्ही दाखवून दिलेत आणि ‘आज काय टाकायचे’ ही चिंता तिथेच मिटली.

त्यातून घडलेल्या एका रीलचा उल्लेख मला आवर्जून करायचा आहे. आमच्यातल्या एका गाइडने वाहनतळापासून प्रेक्षणीय कड्यापर्यंतची वाट फोन उभा धरून चित्रित केली. पार्श्वसंगीत नाही, रंगांवर प्रक्रिया नाही; पायऱ्या कुठे सुरू होतात, कठडा कुठे संपतो, बसायला सावलीतला दगड कुठे आहे, एवढेच तो चालता चालता बोलत होता. तुम्ही तिच्यात फक्त दोन बदल सुचवलेत: पहिल्या काही क्षणांतच ‘वयस्कर माणसांना ही वाट जमेल का?’ हा प्रश्न पडद्यावर यावा, आणि ती अक्षरे मधोमध असावीत, कारण वरचा व खालचा भाग ॲपच्या बटणांखाली आणि कॅप्शनखाली झाकला जातो. त्या रीलला लाइक बेताचेच मिळाले, पण ती सेव्ह करणारे आणि घरच्यांना पाठवणारे पुष्कळ निघाले. इन्साइट्समधले, म्हणजे पोस्टला कसा प्रतिसाद मिळाला ते दाखवणाऱ्या ॲपमधल्या भागातले, ते आकडे समोर धरून तुम्ही समजावलेत की सहल एकटा माणूस क्वचितच ठरवतो आणि म्हणूनच कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे पाठवली जाणारी पोस्ट आपल्या व्यवसायाला सर्वांत उपयोगी. त्यानंतर लाइक मोजण्याचा आमचा सोस गेला. आता प्रत्येक बुकिंगच्या वेळी ‘आमच्याबद्दल कुठे पाहिलेत?’ असे विचारून उत्तर नोंदवहीत लिहिले जाते आणि पुढच्या महिन्यात कशावर मेहनत घ्यायची ते त्या रकान्यावरून ठरते.

वेळेच्या बाबतीतही तुम्ही फार मोठे ओझे उतरवलेत. चित्रण एकदा करायचे आणि ते अनेक ठिकाणी वापरायचे, हा तुमचा नियम. एकाच फेरीतून एक उभी रील होते, तीन-चार स्वच्छ छायाचित्रे गुगलच्या व्यवसाय-प्रोफाइलवर जातात, एक तुकडा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लागतो आणि कॅप्शनमधली माहिती ठरलेले उत्तर म्हणून जपून ठेवली जाते. आठवड्यातल्या एका बैठकीत मेटा बिझनेस सूट या मेटा कंपनीच्या साधनावर फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या पोस्ट ठरलेल्या वेळी आपोआप जातील अशा शेड्यूल करून ठेवल्या की उरलेले दिवस पाहुण्यांसाठी मोकळे राहतात. हंगामाची पोस्ट हंगाम सुरू झाल्यावर टाकण्यात अर्थ नाही, कारण तोवर लोकांची रजा आणि तिकिटे ठरलेली असतात, हेही तुम्ही दिनदर्शिका पुढ्यात ठेवून दाखवलेत. तेव्हापासून आमचे वेळापत्रक पाहुणा बेत कधी आखतो त्यावरून ठरते.

गुगलच्या प्रोफाइलला तुम्ही इन्स्टाग्रामइतकेच, किंबहुना थोडे अधिक महत्त्व दिलेत आणि मला ते मनापासून पटते. रील पाहून मनात इच्छा निर्माण होते, पण निघण्यापूर्वी माणूस नकाशाच उघडतो. तिथे पिन चुकीच्या वळणावर असेल, वेळा जुन्या असतील किंवा फोन नंबर बदललेला असेल, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. अभिप्रायांबाबत तुम्ही कमालीच्या ठाम होतात. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गुगलच्या नियमांत बसत नाही आणि पाहुण्याच्या विश्वासाला तर मुळीच धरून नाही, असे तुम्ही स्पष्ट बजावलेत. कडक अभिप्रायाला उत्तर देताना तक्रार करणाऱ्याला हरवायचे नसते, पुढे ते वाचणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांना आपली वागणूक दिसत असते, हे लक्षात ठेवून आम्ही आता थोडक्यात, सभ्यपणे आणि काय सुधारणा केली ते सांगून उत्तर देतो.

2018 साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस आमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये होतेच, पण त्यातली कामाची अवजारे तुम्ही उघडून दिलीत. तिरकी रेघ टंकली की ठरलेले उत्तर समोर येते. ‘चौकशी’, ‘आगाऊ रक्कम आली’, ‘येऊन गेले’ अशी लेबले लावली की कुणाला उत्तर द्यायचे राहिले ते एका नजरेत कळते. आपण नावेत किंवा डोंगरावर असताना आपोआप जाणारा संदेश पाहुण्याला केव्हा फोन येईल ते सांगतो. ब्रॉडकास्ट लिस्टमधला, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, संदेश आपला नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांनाच मिळतो, यावर तुम्ही काढलेला मार्ग तर मला विशेष भावला. प्रवासाच्या आदल्या दिवशी रस्ता, हवामान आणि सोबत काय आणावे याची नेमकी माहिती पाठवावी, म्हणजे पाहुणा गरजेपोटी स्वतःहून नंबर सेव्ह करतो.

जाहिरातीवर पैसा खर्च करण्याबद्दलचा तुमचा संयम आम्ही आजही पाळतो. जी पोस्ट पैसे न देता चांगली चालली तीच बूस्ट करायची, म्हणजे पैसे देऊन अधिक लोकांपर्यंत पोहोचवायची, जाहिरातीचे क्षेत्र निवडताना आपला परिसर न घेता पाहुणे जिथून येतात ती शहरे घ्यायची, आणि बटण मेसेज पाठवण्याचे ठेवायचे, म्हणजे पाहणाऱ्याला पुढचे पाऊल शोधावे लागत नाही. खात्याचा ताबा मालकाकडे असावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डखेरीज आणखी एक पडताळणी) चालू असावे आणि कॉपीराइटचा धाक दाखवून लिंक उघडायला लावणाऱ्या संदेशांना भुलू नये, हेही तुम्ही एकेकाचा फोन हातात घेऊन करवून घेतलेत.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुमचा सर्वाधिक ऋणी आहे. प्रसिद्धी शिकवणाऱ्या व्यक्तीने प्रसिद्धीची मर्यादाही तितक्याच कळकळीने सांगावी, असे फार थोड्यांच्या बाबतीत घडते. थायलंडमधला माया बे हा किनारा पर्यटकांच्या आणि बोटींच्या गर्दीने तिथल्या प्रवाळांचे अतोनात नुकसान झाल्यामुळे 2018 मध्ये बंद करावा लागला आणि 2022 मध्ये पुन्हा खुला करताना प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागल्या, हे उदाहरण देऊन तुम्ही आम्हाला विचारलेत की आपल्याकडची एखादी नाजूक जागा रोज किती माणसे सोसू शकेल. त्या चर्चेनंतर आम्ही सर्वांनी मिळून ठरवले की पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा आणि अरुंद झरे यांचे नेमके लोकेशन टॅग करायचे नाही, फक्त परिसराचे नाव द्यायचे आणि तिथे कसे वागावे ते कॅप्शनमध्येच लिहायचे. पाहुण्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या परवानगीनेच वापरायची आणि मुलांचे चेहरे असतील तर पालकांना वेगळे विचारायचे, हा नियमही त्याच बैठकीतला. यामुळे काही आकर्षक पोस्ट हुकतात, पण त्याबद्दल आमच्यापैकी कुणाचीही तक्रार नाही.

तुमच्याच सूचनेवरून होमस्टेवाले आता गाइडसोबत कोलॅब पोस्ट, म्हणजे दोघांच्याही खात्यांवर दिसणारी एकच पोस्ट, करतात, नौकाविहारवाले सायकलवाल्यांची रील स्टोरीवर लावतात, आणि एकाकडे जागा नसली तर चौकशी दुसऱ्याकडे पाठवली जाते. पूर्वी एकमेकांचे दर विचारण्यापुरते बोलणारे आम्ही प्रश्नांची वही आता सामाईक ठेवतो. हा बदल कुठल्याही इन्साइट्समध्ये दिसणार नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

या सगळ्याचे कसलेही मानधन तुम्ही घेतले नाहीत आणि तुमचे नाव कुठे छापू नये असेही बजावलेत. ती इच्छा पाळून हे पत्र केवळ ‘ताई’ म्हणून लिहिले आहे. कमी गर्दीच्या महिन्यांसाठी आम्ही प्रथमच स्वतः आखलेले पोस्टचे वेळापत्रक तुम्हाला स्वतंत्रपणे पाठवत आहे. सवडीने त्यावर नजर टाकावी आणि जिथे खोडायचे तिथे नि:संकोच खोडावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
आपल्या मार्गदर्शनाखालील सर्व पर्यटन व्यावसायिकांच्या वतीने
एक होमस्टे चालक